ताटातली मोरी आणि पाण्यातला शार्क

दिवाळीनंतर समुद्र निवळू लागला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांतही खारा वारा शिरतो. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे स्कूबा डायव्हिंगविषयी आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना शार्क पाहायचा तरी आहे किंवा टाळायचा तरी आहे. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : येत्या फेब्रुवारीत आमच्या लग्नाला पंचवीस वर्षे पूर्ण होतील. त्यानिमित्त आम्ही पती-पत्नी आणि आमचा चौदा वर्षांचा मुलगा असे तिघे पाच दिवसांसाठी मालदीवला जाणार आहोत. शार्कसोबत डायव्हिंग करायचेच, असा मुलाचा हट्ट आहे. आमच्यापैकी कोणीही आजवर डायव्हिंग केलेले नाही. मी लहानपणी गावच्या तळीत पोहायला शिकलो, मुलगा तरणतलावात पोहतो, पत्नीला पोहता येत नाही आणि लहानपणी तिला दम्याचा त्रास होता. माझ्या आईने तर हे ऐकल्यापासून देवाला नारळ बोलला आहे. हा बेत करावा का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : नारळ जरूर फोडावा, मात्र गाऱ्हाणे घालताना शार्कचे नाव सर्वांत शेवटी घ्यावे. त्याच्या आधी घाई, सर्दी, श्वास रोखून वर येण्याची ओढ आणि परतीचे विमान यांची नावे घ्यावीत, कारण नवशिक्या माणसाला पाण्याखाली इजा होते ती बहुधा यांच्यापैकी कोणामुळे तरी. जगभरातील शार्कच्या हल्ल्यांची नोंद अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात ठेवली जाते. त्या नोंदीनुसार 2023 साली माणसाने कोणतीही आगळीक केलेली नसताना शार्कने चावा घेतल्याच्या 69 घटना साऱ्या जगात घडल्या आणि त्यांत 10 माणसे दगावली. त्यांतही मोठा वाटा लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्यांचा आणि पृष्ठभागावर पोहणाऱ्यांचा होता. पाण्याखाली शांतपणे तरंगणारा, तोंडातून बुडबुडे सोडणारा पाणबुड्या हे शार्कच्या दृष्टीने भक्ष्य नव्हे, तर एक गोंगाट करणारे अनोळखी जनावर असते. शार्क पाहण्यासाठी हजारो रुपये मोजून गेलेल्या माणसाची परतल्यावरची तक्रार सहसा ‘तो अंगावर आला’ अशी नसते. ‘तो जवळच आला नाही’ अशी असते.

आता मालदीवविषयी. त्या देशाने 2010 साली आपल्या हद्दीत शार्कच्या मासेमारीवर बंदी घातली, त्यामुळे तेथे शार्क दिसणे ही नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. काळ्या टोकाच्या परांचा ब्लॅकटिप रीफ शार्क जेमतेम दीड मीटर लांबीचा असतो आणि त्याची पिल्ले किनाऱ्यालगतच्या गुडघाभर पाण्यातही फिरतात. पांढऱ्या टोकाचा व्हाइटटिप दिवसा बहुधा कपारीत पडून असतो. नर्स शार्क तळाशी निपचित बसलेला दिसतो, कारण कल्ल्यांवरून पाणी वाहते ठेवण्यासाठी त्याला सतत पोहावे लागत नाही. तो इतका सुस्त दिसतो, की पर्यटकांना त्याची शेपटी ओढण्याची बुद्धी होते आणि मग तो चावतो. अशा चाव्याचा दोष कोणाचा, हे सांगायला नको. ग्रे रीफ शार्क मात्र बेटांमधल्या खाड्यांच्या तोंडाशी, जेथे भरतीचे पाणी जोराने आत घुसते तेथे, थव्याने उभे असतात. हे दृश्य अविस्मरणीय असते, परंतु ते प्रवाहात पाहावे लागते आणि प्रवाहात शरीर सांभाळणे हे पहिल्या पाच-दहा डाइव्हमध्ये जमणारे काम नव्हे. फुवाहमुला बेटाजवळचे टायगर शार्क समाजमाध्यमांवर फार दिसतात, म्हणून आपल्या मुलाने त्यांचेही नाव घेतले असेल. तीन-चार मीटर लांबीचे ते प्राणी अनुभवी पाणबुड्यांसाठी आहेत; पहिल्या सहलीत त्यांचा विचारही करू नये.

आपण पाच दिवसांसाठी जात आहात आणि कोणालाच अनुभव नाही, म्हणून माझा सल्ला असा, की शिकण्याचे काम गोव्यातच आटोपावे. येथे डायव्हिंगचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे असा असतो, म्हणजे फेब्रुवारीपूर्वी आपल्या हाताशी पुरेसे दिवस आहेत. ‘ओपन वॉटर’ नावाचा प्राथमिक अभ्यासक्रम तीन-चार दिवसांचा असतो. त्यात 200 मीटर पोहून दाखवावे लागते, ज्याला वेळेची मर्यादा नसते, आणि दहा मिनिटे कशाचाही आधार न घेता तरंगून दाखवावे लागते. तळीत शिकलेल्या आपल्याला आणि आपल्या मुलाला हे जड जाऊ नये. हे प्रमाणपत्र मिळाले की 18 मीटर खोलीपर्यंत जाता येते. चौदा वर्षांच्या मुलाला त्याची कनिष्ठ आवृत्ती मिळते आणि त्याने प्रमाणपत्रधारक प्रौढासोबतच उतरावे लागते. आपण दोघांनी एकत्र शिकावे, असे मी सुचवतो, त्यामागे हेही कारण आहे. प्रमाणपत्र न घेता प्रशिक्षकाचा हात धरून चाखण्यापुरती डाइव्ह करता येते व ती 12 मीटरपर्यंतच असते. मात्र त्या वेळी नवख्या माणसाचे सारे लक्ष कान, मास्क आणि श्वास यांतच अडकलेले असते. समोरून शार्क गेला तरी तो दिसत नाही, असे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

सौभाग्यवतींच्या बाबतीत मी ठाम आहे. ज्यांना कधीही दमा होता, त्यांनी छातीच्या डॉक्टरांकडून तपासणी करून लेखी परवानगी घेतल्याशिवाय टाकी लावून पाण्यात उतरू नये. कारण भीतीचे नाही, भौतिकशास्त्राचे आहे. दहा मीटर खोलीवर आपल्यावरचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो आणि तेथे घेतलेला श्वास वर येताना दुप्पट जागा मागतो. श्वासनलिका आकसून ती हवा फुफ्फुसाच्या एखाद्या कोपऱ्यात कोंडली गेली, तर फुफ्फुस फाटू शकते. निरोगी माणसालाही ‘श्वास कधीही रोखू नका’ हा पहिला धडा याच कारणाने दिला जातो. डॉक्टरांनी नकार दिला तरी सौभाग्यवतींचा बेत फसत नाही. जीवरक्षक जाकीट घालून, मार्गदर्शकासोबत, उथळ पाण्यात स्नॉर्केलिंग करताना, म्हणजे तोंडात श्वासनळी धरून पृष्ठभागावर तरंगत खाली पाहताना, ब्लॅकटिपची पिल्ले त्यांना दिसू शकतील आणि तुम्ही दोघे शार्कच्या शोधात खोल उतरलेले असताना त्यांनाच तो आधी दिसला, असेही होऊ शकेल.

पाण्यात गेल्यावर कसे वागावे, हे तेथील मार्गदर्शक सांगतीलच. तरी एक गोष्ट ते कदाचित सांगणार नाहीत, कारण त्यांच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांत ती फारशी आढळत नाही. अंगठ्या, बांगड्या, सोनसाखळी आणि मंगळसूत्र खोलीवरच ठेवावे. उन्हात चमकणारा धातू पाण्याखाली माशाच्या खवल्यासारखा लखलखतो आणि शार्कच नव्हे, तर बॅराकुडासारखे मासेही त्याकडे ओढले जातात. हात शरीराशी घेऊन ठेवावेत, शार्कचा पाठलाग करू नये, त्याची वाट अडवू नये आणि तो जवळ आला तर त्याच्याकडे तोंड करून स्थिर राहावे. ग्रे रीफ शार्क अस्वस्थ झाला, की पाठीला बाक आणतो, छातीचे पर खाली झुकवतो आणि अंग वेडेवाकडे हलवत पोहू लागतो. कुत्रा गुरगुरतो, तसेच हे समजावे आणि त्याच्यावरची नजर न काढता सावकाश मागे सरावे.

परतीचे विमान शेवटच्या डाइव्हनंतर किमान 18 तासांनी असावे. अनेक दिवस डायव्हिंग केलेल्यांसाठी हाच दंडक आहे. म्हणून पाचवा दिवस कोरडा ठेवावा. प्रवासविमा घेताना त्यात स्कूबा डायव्हिंग अंतर्भूत आहे का, तेही वाचून पाहावे. पुष्कळ विम्यांत ते वगळलेले असते.

प्रश्न : शार्क पाहण्यासाठी परदेशी जाण्याची गरज काय? आपल्या गोव्याच्या समुद्रात शार्क नाहीत का? (एक वाचक, वास्को)

उत्तर : आहेत, आपल्याला ते रोज भेटतात, परंतु बाजारात. आपण ज्याला मोरी म्हणतो आणि कोकणात अनेक ठिकाणी ज्याला मुशी म्हणतात, तो शार्कच होय. घाटावरच्या वाचकांना मोरी म्हटल्यावर न्हाणीघर आठवते, म्हणून हा खुलासा. आपल्या किनाऱ्यावर जाळ्यात सापडणाऱ्या बहुतेक मोऱ्या लहान जातींच्या असतात आणि त्या गढूळ पाण्यात वावरतात.

आपल्याकडचे डायव्हिंग मुख्यतः वास्कोसमोरच्या ग्रँड आयलंडभोवती चालते. तेथे ‘सुझीज रेक’ नावाने ओळखले जाणारे जुने बुडालेले जहाज आहे आणि त्याच्या सांगाड्याभोवती माशांची चांगली वस्ती आहे. परंतु मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांचा गाळ जवळच समुद्रात उतरत असल्यामुळे पाण्याखाली अनेकदा चार-पाच मीटरपलीकडचे दिसत नाही. कपारीत दडून बसणारा बांबू शार्क नशिबाने दिसू शकतो; तो लहानखुरा आणि निरुपद्रवी असतो. याहून स्वच्छ पाणी हवे असेल, तर गोव्यातील पाणबुडे कर्नाटकातील मुरुडेश्वरसमोरच्या नेत्राणी बेटाकडे जातात. भारताच्या हद्दीत प्रवाळ, स्वच्छ पाणी आणि रीफ शार्क हे तिन्ही एकत्र हवे असतील, तर लक्षद्वीप आणि अंदमान यांना पर्याय नाही. लक्षद्वीपसाठी प्रवेशपरवाना लागतो, तेव्हा तयारी लवकर सुरू करावी.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. किनाऱ्यावर कमी पैशांत ‘स्कूबा’ म्हणून जे विकले जाते, त्यात बहुतेक वेळा सहाय्यक आपली टाकी धरून आपल्याला काही मिनिटे उथळ पाण्यात फिरवतो, छायाचित्रे काढतो आणि वर आणतो. त्यात गैर काही नाही, परंतु ते डायव्हिंगचे शिक्षण नव्हे. होडीत चढण्यापूर्वी कोणी आरोग्याविषयीचा अर्ज भरून घेतला नाही आणि कान मोकळे कसे करायचे हे शिकवले नाही, तर पैसे बुडाले तरी चालतील, पण परत यावे. काही वर्षांपूर्वी माझ्या एका भाच्याला अशाच एका होडीवर सर्दी असतानाही उतरवले गेले होते आणि त्याचा कान बरा व्हायला दीड महिना लागला.

जाता जाता आणखी एक. पाठीवरच्या टाकीला वर्तमानपत्रेही सर्रास ‘ऑक्सिजन सिलिंडर’ म्हणतात. तिच्यात आपण श्वासात घेतो तीच साधी हवा दाबून भरलेली असते. शुद्ध ऑक्सिजन घेऊन सहा मीटरपेक्षा खोल गेल्यास तोच विषासारखा बाधतो आणि झटके येऊ शकतात.

प्रश्न : आम्ही मैत्रिणी जानेवारीत अंदमानला जात आहोत आणि डाइव्ह आगाऊ ठरवलेल्या आहेत. नेमकी त्याच दिवसांत माझी मासिक पाळी येईल. रक्ताच्या वासाने शार्क येतात, असे सगळेच सांगतात. घरात हे विचारायलाही संकोच वाटतो. (एक वाचिका, मडगाव)

उत्तर : संकोच बाजूला ठेवून विचारलेत, हे उत्तम झाले; हा प्रश्न अनेकींच्या मनात असतो आणि बहुतेकींना उत्तर म्हणून एखादी ऐकीव गोष्ट मिळते. पाळी चालू असताना डायव्हिंग केल्याने शार्कच्या हल्ल्याची शक्यता वाढते, असा कोणताही पुरावा आजवर मिळालेला नाही. जगभर असंख्य स्त्रिया, त्यांत व्यावसायिक प्रशिक्षकही आल्या, महिन्याचे सगळे दिवस पाण्यात उतरतात. शार्कचे नाक तीक्ष्ण आहे हे खरे, परंतु मैलभरावरून रक्ताचा एक थेंब ओळखतो ही अतिशयोक्ती आहे. वास पाण्यासोबत वाहत त्याच्यापर्यंत पोहोचावा लागतो. शिवाय शार्क केवळ नाकावर विसंबून नसतो. अंगाच्या कडेने असलेल्या संवेदनरेषेने तो पाण्यातली थरथर टिपतो आणि मुस्कटावरच्या बारीक छिद्रांतून दुसऱ्या जिवाच्या स्नायूंतली क्षीण विद्युतधाराही ओळखतो. जखमी माशाची तडफड त्याला खुणावते, म्हणून गळाने किंवा भाल्याने मासे मारणाऱ्यांच्या जवळपास डायव्हिंग करू नये; काळजी करायचीच असेल, तर ती याची करावी. टॅम्पॉन किंवा मासिक कप यांपैकी जे सवयीचे असेल ते वापरावे. पोटात फार दुखत असेल किंवा थकवा असेल, तर त्या दिवशी डाइव्ह टाळावी. पण त्याचे कारण शार्क नसावे.

प्रश्न : आम्ही बेळगावकर मित्र दर हिवाळ्यात शनिवार-रविवार गोव्यात येतो. रविवारी दुपारपर्यंत दोन डाइव्ह करून संध्याकाळी चोर्ला घाटाने घरी परततो. विमानाचा नियम आम्हाला लागू नाही ना? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : लागू आहे, आणि हे पत्र आले नसते, तर मीच कधीतरी हा विषय काढला असता. दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत अधिक प्रमाणात विरघळतो आणि वर आल्यावर तो तासन्‌तास हळूहळू बाहेर पडत राहतो. तो पुरता बाहेर पडण्यापूर्वी भोवतालचा दाब आणखी कमी झाला, तर सोड्याच्या बाटलीचे झाकण उघडल्यावर होते तसे अंगात बुडबुडे तयार होऊ शकतात. सांधे दुखणे, हातापायांना मुंग्या किंवा बधिरता येणे, अकारण गळून जाणे ही त्याची लक्षणे आहेत. दाब विमानाने कमी झाला की मोटारीने, हे शरीराला कळत नाही. डाइव्हनंतरच्या उड्डाणाचे नियम सुमारे सहाशे मीटर उंचीपासून पुढे लागू धरले जातात आणि आपले बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांच्या आसपास आहे. घाटाचा माथा त्याहूनही थोडा वर असावा. आंबोलीमार्गे गेलात, तरी सुटका नाही.

एकच डाइव्ह केली असेल, तर 12 तास थांबावे आणि एकाहून अधिक केल्या असतील, तर 18 तास. म्हणजे आपल्या बाबतीत शनिवारी डायव्हिंग आणि रविवारी मासळी, झोप व दुपारनंतर घाट, असा क्रम उलटा करावा. आजवर काही झाले नाही, असे आपण म्हणाल. आपल्या डाइव्ह उथळ आणि थोड्या वेळाच्या असाव्यात, म्हणून निभावले. वर दिलेल्यांपैकी एखादे लक्षण दिसलेच, तर घाट चढू नये, मालीश करून दुखणे अंगावर काढू नये. शक्य तितक्या लवकर शुद्ध ऑक्सिजन मिळवून डॉक्टरांना डायव्हिंग केल्याचे पहिल्या वाक्यातच सांगावे, नाहीतर सांधेदुखीच्या गोळ्या देऊन घरी पाठवले जाण्याचीच शक्यता अधिक.

प्रश्न : काही ठिकाणी पाण्यात मासे टाकून शार्कना जवळ बोलावतात. हे योग्य आहे का? आणि आपण घरी मोरीचे आंबट-तीक खात असताना शार्कच्या रक्षणाच्या गोष्टी करणे ढोंगीपणाचे नाही का? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : आपल्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि दुसरा मला अधिक टोचला, कारण आंबट-तीक माझ्याही आवडीचे आहे.

आमिष टाकून शार्क दाखवण्याच्या बाजूने एक प्रामाणिक युक्तिवाद आहे. जिवंत शार्क वर्षानुवर्षे पर्यटक आणतो आणि मेलेला एकदाच विकला जातो, हे पटल्यामुळे काही देशांतील मच्छीमारांनी जाळी बाजूला ठेवली. फिजीमध्ये बेका बेटाच्या परिसरात बुल शार्कना खाऊ घालणारी डायव्हिंगची प्रथा प्रसिद्ध आहे. तरीही मला ती रुचत नाही. माणूस आणि अन्न यांची सांगड एकदा जनावराच्या मनात बसली, की काय होते, हे देवळाजवळची माकडे पाहिलेल्या कोणालाही समजावून सांगण्याची गरज नाही. तेथे फार तर हातातली केळी जातात. प्रवाह आणि कपारींच्या आधाराने, आमिषाशिवाय शार्क दिसण्याची ठिकाणे उपलब्ध असताना नवशिक्याने आमिषाच्या डाइव्हला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता ताटाकडे वळू. दरवर्षी जगात सुमारे दहा कोटी शार्क मारले जातात, असा अंदाज 2013 साली शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला. शार्क इतर माशांसारखी लाखो अंडी घालत नाहीत. बहुतेक मोठ्या जाती उशिरा वयात येतात आणि मोजकीच पिल्ले देतात, त्यामुळे उपसा झाला की भरपाई होत नाही. भारतात व्हेल शार्कला 2001 सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे सर्वोच्च संरक्षण आहे. केवळ पर कापून धड समुद्रात फेकण्यावर 2013 साली बंदी आली आणि 2015 साली परांची निर्यातही थांबवण्यात आली. बाजारात येणारी लहान मोरी खाण्यावर कायद्याने बंदी नाही. मी स्वतः आता ती क्वचित घेतो आणि वीतभर लांबीची पिल्ले टोपलीत दिसली, तर पुढे जातो. कोळीणबाईंना ते आवडत नाही. गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांनी मात्र ती टाळलेलीच बरी, कारण शिकारी माशांच्या मांसात पाऱ्याचा अंश साठत जातो. आंबट-तीक बांगड्याचेही होते, आणि कोकमसोल व मिरची बेताची पडली, तर ते उणे लागत नाही.

प्रश्न : मला जाड भिंगांचा चष्मा आहे. मग शार्क दिसणार कसा? (एक विद्यार्थिनी, पेडणे)

उत्तर : चष्मा मास्कच्या आत मावत नाही, परंतु नंबरची भिंगे बसवलेले मास्क मिळतात आणि मऊ कॉन्टॅक्ट लेन्स घालूनही डायव्हिंग करता येते. पाण्याखाली वस्तू जवळच्या आणि सुमारे एक तृतीयांशाने मोठ्या भासतात, त्यामुळे सौम्य नंबर असलेल्यांचे पुष्कळदा तसेच भागते; तुमचा नंबर मोठा असल्यामुळे मास्कची भिंगे बनवून घ्या. लेन्स घालणार असाल, तर प्रशिक्षकाला आधी सांगा, कारण प्रशिक्षणात पाण्याखाली मास्क काढून पुन्हा घालावा लागतो आणि त्या वेळी डोळे घट्ट मिटून ठेवले नाहीत, तर लेन्स समुद्रात जाते. सुटे जोड सोबत ठेवा.